फिकट जिल्हा

उत्कर्षाला पगार मिळायचा तो दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा. पुण्यात हे काम लोक फुकट करतात, पण हिला त्याचे पैसे मिळायचे. खराडीच्या एका आयटी कंपनीत ती टेस्टर होती. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम चालवून पाहायचा, तो कुठे अडखळतो, कुठे थाप मारतो ते हेरायचं आणि ज्याने लिहिला त्याला अत्यंत सभ्य इंग्रजीत कळवायचं. तिच्या नजरेतून काही सुटत नाही, अशी तिची ऑफिसात ख्याती होती. एक गोष्ट सुटली, ती घरातली. पण ती सुटली नसती तर मी हे सांगत बसलोच नसतो.

ती मूळची वऱ्हाडातल्या एका खेड्यातली. अमरावतीला इंजिनिअर झाली आणि आयटीत भरती जोरात चालू असताना पुण्यात आली. लग्न केलं ते कोथरूडच्या तेजसशी. फ्लॅट मात्र तिने हट्टाने वाघोलीत घ्यायला लावला, कारण गावाकडची ट्रॅव्हल्स नगर रस्त्याने येते आणि पुण्यात शिरण्याआधी वाघोलीला थांबते. आईला उतरायला सोपं. तेजस म्हणायचा, "अजून थोडं पुढे घेतला असता तर आई चालतही आल्या असत्या." पण त्याने घेतला, आणि कधी कुरकुर केली नाही.

आई, मुक्ताई, खरोखरच त्या ट्रॅव्हल्सने आली, उत्कर्षाच्या बाळंतपणाला. २०११ साल होतं. सोबत डिंक, आळीव, गोडंबी, घरचं तूप आणि बाळासाठी जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी. बाई अशी कामाची, की तिसऱ्या दिवशी तेजसला स्वतःच्या स्वयंपाकघरात चहाची साखर विचारून घ्यावी लागली. जावयाच्या घरचं अन्न फुकट खायचं नाही, ही तिची समजूत, म्हणून घरातलं एकही काम तिने कोणाला करू दिलं नाही.

दर तपासणीला ती लेकीबरोबर दवाखान्यात जायची. बायकांचा दवाखाना. डॉक्टरीण बाई आत, आणि मुक्ताई बाहेरच्या बाकावर, मांडीवर पिशवी घट्ट धरून. भिंतीवर मोठं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावरून जाऊ लागलं तर लगेच दाखवा. मुक्ताईला वाचता येत होतं. चौथी शिकलेली होती ती. आणि त्याच वेळी तिच्या अंगावरून जात होतं. गेली सात-आठ वर्षं बंद झालेलं परत सुरू झालं होतं, आणि बाकापासून डॉक्टरणीच्या खुर्चीपर्यंत मध्ये फक्त एक दार होतं.

ती काही बोलली नाही. बाळ झालं, बाळंतिणीला शेक-शेगडी झाली, नातवाला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं, तेल जिरवलं, बारसं झालं. सगळं निगुतीने आटोपून ती परत ट्रॅव्हल्समध्ये बसली.

वर्षाच्या आत थोरल्या भावाचा, मच्छिंद्रचा फोन आला, की आई शेतात चक्कर येऊन पडली, अंगात रक्तच उरलं नाही म्हणतात. उत्कर्षाने तिला पुण्याला आणवलं आणि त्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बाईंनी तपासलं, पुढे मोठ्या इस्पितळात पाठवलं, आणि चार दिवसांनी रिपोर्ट हातात घेऊन म्हणाल्या, "गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आहे. फार पसरलाय. वर्षभर आधी आणलं असतंत तर खूप काही करता आलं असतं."

"वर्षभर आधी ती इथेच होती," उत्कर्षा म्हणाली. "तुमच्या बाहेरच्या बाकावर."

डॉक्टरीण बाईंनी रिपोर्ट घडी करून पाकिटात घातला.

घरी आल्यावर उत्कर्षा आईवर ओरडली. मरणाऱ्या माणसावर ओरडू नये हे तिला कळत होतं, पण तोंड आवरेना. का सांगितलं नाहीस? मुक्ताईने आधी जावई घरात नाही ना हे पाहिलं, मग हळूच म्हणाली, "विटाळाचं अंग होतं माय. सांगतलं असतं तं तुह्या घरी मले बाजूले बसा लागलं असतं. मंग तुह्यं बाळंतपन कोनं केलं असतं?"

पुण्याच्या त्या फ्लॅटमध्ये विटाळ कोणी पाळत नव्हतं. तेजसला तर तो शब्दही नीट माहीत नव्हता. पण हे मुक्ताईला कोणी सांगितलं नव्हतं, कारण सांगायची वेळ येईल असं कोणाला वाटलंच नव्हतं.

थोडे उपचार झाले. मग तीच म्हणाली, "मले आपल्या घरी ने." डॉक्टरांनीही घेऊन जा म्हणून सांगितलं. गावी जाऊन ती दीड महिन्याने गेली.

दिवसकार्य चालू असतानाच मच्छिंद्रने बहिणीला मागच्या अंगणात नेलं. म्हणाला, "ग्रामपंचायतीत मरनाच्या नोंदीले कावीळ सांगून आलो. तुह्या वहिनीलेही तेच सांगतलं. कोनी इचारलं तं तूही तेच सांगजो."

"दादा, कावीळ कुठे झाली होती तिला?"

"पायलचं पाहू राहिलो नं मी. घरात कॅन्सर म्हटलं तं दारात कोनी उभं राहत नाही. आजीचा रोग नातीले येते, म्हनतात लोक."

हा रोग असा रक्तातून येत नाही, हे उत्कर्षाने सांगून पाहिलं. मच्छिंद्र म्हणाला, "मले नको सांगू. सोयऱ्याले सांग." पायल तिची लाडकी भाची. तिचं लग्न आपल्या तोंडामुळे मोडावं, असं कोणत्या आत्याला वाटेल? कोणी विचारलं तेव्हा तिनेही कावीळच सांगितली. पायलचं लग्न चांगल्या घरी झालं. सासरच्यांनी आजी कशाने गेली हे विचारलंही होतं. कावीळ ऐकून त्यांचं समाधान झालं.

मग काही वर्षं गेली आणि ऑफिसात ते काम आलं. एका मोठ्या ट्रस्टला नकाशा करून हवा होता. कोणत्या जिल्ह्यात बायका कॅन्सरने किती मरतात, ते गावोगावच्या मृत्यूच्या नोंदींवरून रंगांत दाखवायचं. जास्त मरतात तिथे गडद लाल, कमी तिथे फिकट गुलाबी. ट्रस्टकडे तपासणीच्या गाड्या होत्या. आत डॉक्टर, नर्स, पडदा, सगळं. जिथे लाल गडद तिथे गाडी आधी जाणार, आणि तो मार्गही हाच प्रोग्राम ठरवणार. चांगलं काम होतं. उत्कर्षाने ते मागून घेतलं.

आणि त्यात तिचा स्वतःचा स्वार्थही होता, तो आधीच सांगितलेला बरा. मच्छिंद्रची बायको, प्रेमलावहिनी, दोन महिन्यांपूर्वी फोनवर सहज बोलावं तसं बोलून गेली होती, "मलेही आजकाल लय जाते अंगावरून. कंबर तं उचलत नाही." तालुक्याला जाऊन दाखव, म्हणून उत्कर्षा रोज मागे लागली. आईचं खरं काय ते मात्र तिने दादामुळे काढलं नाही. पण प्रेमलाचं एकच होतं. "एकटी गेलं तं चार लोक इचारतात, काहून गेलती? पायलच्या सासरची मानसं तालुक्यालेच राहतात. गावात गाडी-बिडी आली, साऱ्या बायका रांगेत लागल्या, तं मीही लागतो." एकटीने जाणं म्हणजे रोग आहे असं जाहीर करणं. साऱ्याजणी गेल्या तर तो सरकारी कार्यक्रम. म्हणून ती गाडी त्या गावात जायला हवी होती.

नकाशा पहिल्यांदा पडद्यावर उघडला, तेव्हा पुणे गडद लाल होतं. आणि तिचा जिल्हा फिकट. इतका फिकट, की आजारी माणसाच्या नखासारखा.

तिने चूक म्हणून कळवलं. तिचा मॅनेजर अभय, जातिवंत पुणेकर, खुर्ची वळवून म्हणाला, "यात चूक काय आहे? तुमच्याकडे बायका मरत नाहीत, याचं तुम्हाला दुःख झालंय का?"

"मरतात," उत्कर्षा म्हणाली. "माझी आई मेली. कावीळ लिहिलंय."

अभयचा चेहरा उतरला. तो वाईट माणूस नव्हता. जीभ तिखट असली तरी त्याने त्याच दिवशी ट्रस्टला लिहिलं, की खेड्यांतल्या नोंदी पुऱ्या नसाव्यात, पुण्यात दवाखाने आहेत म्हणून इथे रोगाचं नाव तरी लिहिलं जातं. ट्रस्टचं नम्र उत्तर आलं. सूचना मोलाची आहे, अहवालाच्या शेवटी तशी टीप देऊ, पण हाती असलेल्या आकड्यांवरच चालणं भाग आहे. "तुम्ही आईंची नोंद तरी दुरुस्त करून घ्या," अभय म्हणाला.

तिने भावाला फोन केला. मच्छिंद्र म्हणाला, "पायलले दिवस गेले हायेत. आता पाच वर्षांनी तिची आजी कॅन्सरनं मारू का मी?" आणि त्याने फोन ठेवला.

टेस्टिंग करताना प्रोग्राममध्ये खोटी माणसं घालायची मुभा असते. एका दुपारी सगळे जेवायला गेले असताना उत्कर्षाने आपल्या गावाच्या खात्यात एक बाई घातली. मुक्ताई. वय बासष्ट. रंग हलला नाही. मग तिला गावातल्या एकेक बाया आठवू लागल्या. रंगरावाची बायको, पोट फुगून गेली, करणी म्हणाले होते. शाळेतली मास्तरीण, छातीत गाठ होती, वर पाला बांधून फिरायची, ती तापाने गेली असं लिहिलं होतं. संपतची आई, गालात भोक पडलं होतं, तिची नोंद तर नव्हतीच. उत्कर्षा एकेकीला घालत गेली. आठवणाऱ्या संपल्यावर तिने शेजारच्या गावांत तितक्याच घातल्या, मग त्याच्या शेजारच्या. तेव्हा कुठे जिल्हा एका छटेने लाल झाला. आणि खालच्या कोपऱ्यात गाडीचा मार्ग सरकन वळून तिच्या तालुक्यातून गेला.

तिने पडद्यावर त्या मार्गावरून एकदा बोट फिरवलं. तसंच ठेवलं असतं तर? पण तिला लबाडी जमत नव्हती, आणि जमली असती तरी दुसऱ्या दिवशी खरे आकडे आले की सगळं पुसलंच गेलं असतं. लोक जेवून परत यायच्या आत तिने साऱ्या बायांना एकेक करून काढून टाकलं. शेवटी मुक्ताई उरली. तिलाही काढलं. रडू आलं ते तिने बाथरूममध्ये जाऊन उरकलं.

पुणे लाल, म्हणून गाडी आधी वाघोलीत आली. तिच्याच सोसायटीच्या फाटकाशी उभी राहिली. निम्म्या बायकांची तपासणी त्यांच्या कंपन्यांनी आधीच करवलेली होती. नर्स कंटाळून मोबाइल बघत बसली होती. उत्कर्षाने तिला विचारलं, अजून किती दिवस आहात? महिनाभर, असं कळल्यावर ती धावत घरी आली आणि वहिनीला फोन लावला. तू इकडेच ये. भाच्याला भेटायला म्हणून ये. इथे तुला कोण ओळखतं? आणि इथे रांग आहे, साऱ्या बायका आहेत. रांग नव्हती, पण म्हणायला काय जातं. घासाघीस करत प्रेमला शेवटी तयार झाली. ट्रॅव्हल्सचं तिकीट निघालं. उत्कर्षाने नर्सला सांगून ठेवलं, मोठ्या इस्पितळात कोणाला भेटायचं तेही ठरवून ठेवलं. आईच्या वेळी जे जे राहिलं ते सगळं यावेळी करायचं, असं तिने मनाशी घेतलं होतं. कितीतरी दिवसांनी ती घरात गुणगुणली.

निघायच्या दिवशी सकाळीच प्रेमलाचा फोन आला. आवाज कसा खुलला होता.

"ताई, मी येत नाही जी आता. तिकीट परत केलं."

"का? काय झालं?"

"अवं, पेपरात आलं आज. मोठा नकाशा छापला. तुमच्या दादानं वाचून दाखवलं मले. साऱ्या राज्यात आपला जिल्हा चांगला म्हने, बायकायले हा रोग आपल्या इकडं सगळ्यात कमी. पुन्यातच लय हाये." ती हसली. मनावरचा दगड उतरलेलं माणूस हसतं तसं. "मंग माह्यं साधंच असंन नं काही? उष्णतेचं. मी उगाच भेलो होतो."

उत्कर्षा म्हणाली, "वहिनी, तो नकाशा खोटा आहे."

"पेपरात खोटं कसं येईन, ताई? अन् तुमीच सांगा, आपल्या गावात कोनाले झाला आजपर्यंत?"

पलीकडे मच्छिंद्र जवळच उभा असावा. पेपराची घडी घातल्याचा आवाज आला. उत्कर्षाने हाक मारली, "दादा, तू सांग तिला. दादा!" तो तिथेच होता, पण बोलला नाही. प्रेमला तेवढी म्हणाली, "तुमी आपल्या जीवाले जपा, ताई. तुमी तिकडं राहता."