पाठीमागचं नाव

मिलिंदला मी पाडलं, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. महिन्यापूर्वी तो झोपेतच गेल्याचा फोन आला, तेव्हा दुःखाच्या आधी मनात आलं ते हेच... आता त्याला कधीच कळणार नाही.

आम्ही दोघेही नागपूरचे. अमेरिकेत ट्रॉयजवळच्या या छोट्या शहरात मी त्याच्या कितीतरी आधी आलो, इथल्या आपल्या लोकांच्या मंडळाचा अध्यक्षही झालो. पण लोकांना माझं पद ठाऊक आणि मिलिंद ठाऊक. तो कुणाच्याही ड्राइव्ह-वेवरचा बर्फ काढायला फावडं घेऊन उभा राहायचा. महापौरपदाला तो उभा राहिला, तेव्हा त्याची पाटी माझ्याच मुलीने आमच्या लॉनवर ठोकली. “बाबा, काका इज सो कूल!” मी हसलो. हेवा मात्र लपवला.

आमच्याकडे मतपत्रिकेवर वर पक्षाच्या नावापुढचा एक गोल काळा केला, की त्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत जातं. महापौराला मात्र पक्ष नसतो. त्याचं नाव कागदाच्या मागे. आपली नव्याने सिटिझन झालेली मंडळी तो एक गोल भरून समाधानाने घरी जायची. मिलिंद मला म्हणाला, “सुधीर, तुझं ऐकतात बे सगळे. फक्त फोन कर, सांग, पान उलटा.”

मी एकही फोन केला नाही. विसरलो नव्हतो. रोज संध्याकाळी फोन हातात घ्यायचो आणि खाली ठेवायचो.

तो अगदी थोडक्यात हरला. दुसऱ्या दिवशी माझ्याच किचनमध्ये चहा पीत म्हणाला, “आपल्या लोकांनी पानच नाही उलटलं, यार. तू तरी किती सांगशील? मनाला लावून घेऊ नको.”

मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

तेव्हापासून त्याला खोडच लागली. हॉटेलचं मेन्यूकार्ड, लग्नाची पत्रिका, काहीही हातात आलं की उलटून बघायचा आणि मला डोळा मारायचा, “बघ, मागे पण असते काही तरी!” सगळे हसायचे. मीही.

त्याच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीच्या विधीला, वहिनींनी सगळ्यांना बुद्धवंदनेचे छापील कागद दिले. माझ्या हातांनी तो आपोआप उलटला. मागची बाजू कोरी होती. समोरून वहिनी बघत होत्या, रडता रडता हसल्या. “तुम्हालाही लागली का भावजी, ह्यांची सवय?”

मी हे लिहिलंय ते कधीतरी छापून येईल, पण त्यांना ते वाचून कळता कामा नये. त्याआधी त्यांच्यासमोर बसून, माझ्या तोंडून सांगणं... एवढं मी मिलिंदचं देणं लागतो.