चौथ्या दिवसाचं पान

या सदरातल्या निम्म्या गोष्टी वाचून मी आजवर हसलोय, हे आधीच कबूल करतो. आमच्या कॉलेजच्या ऑफिसात कुणी भुताखेताचा विषय काढला की मी फाईल आपटून उठून जायचो. त्यामुळे मला कुणी योगायोग-बियोगायोग समजवायला येऊ नका... ते सगळं माझं करून झालंय. जे घडलं ते सांगतो, आणि त्यात माझी लाज निघणार आहे हेही ठाऊक आहे.

मी सोलापूरचा. कॉलेजात हेडक्लार्क, आणि वीस वर्षं पक्षी बघतो. बघतो म्हणजे — अण्णांनी दाखवले ते बघितले. बसवराज अण्णा मूळचे मैंदर्गीचे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. मागांच्या त्या खडखडाटात भल्याभल्यांचे कान जातात. अण्णा पहिल्या दिवसापासून कानात कापसाचे बोळे घालून कामाला उभे राहायचे, का तर रविवारी माळावर चंडोल ऐकायचाय! कारखाना हसायचा त्यांना. पण गवतात कुठं काय बोललं हे अण्णा मान न वळवता सांगायचे आणि मी तिकडं दुर्बीण लावायचो. ग्रुपवर फोटो माझ्या नावानं जायचे. हळूहळू लोक मला 'सर' म्हणायला लागले, आणि मीही म्हणू दिलं.

पुढं शुगरनं अण्णांचे डोळे गेले. उजव्या डोळ्याला थोडा उजेड कळतो, बास. तरी आगुंब्याच्या जंगलात जायचं आमचं जुनं ठरलेलं होतं. 'दिसत न्हाय तर न्हाय, कान हाय की,' असं ते म्हणायचे. मागच्या वर्षी पाऊस ओसरल्यावर एका ग्रुपची टूर निघाली — चार दिवस, डोंगरातली दोन लॉज, अगदी सदाहरित रानात. टूर लीडर मंदार, पुण्याचा. त्यानं फोनवर एवढंच विचारलं की वाटा निसरड्या आहेत, अण्णांचा हात धरायला कुणी आहे का? मी 'आहे' म्हणालो असतो तर विषय संपला असता.

मी म्हणालो, नको, त्यांना झेपणार नाही.

खरं सांगू? मला भीती वाटली. त्या रानात पक्षी दिसतात कमी, ऐकूच जास्त येतात. अण्णा आले असते तर दोन तासांत सगळा ग्रुप त्यांच्या मागं लागला असता, आणि हे 'सर' किती पाण्यात आहेत ते सगळ्यांना कळलं असतं.

अण्णांना सांगितलं की लॉजवाले नको म्हणतात, नियम आहे. त्यांच्या सुनेनं, गिरिजानं, जळवांसाठी जाड मांजरपाटाचे गुडघ्यापर्यंत येणारे मोजे शिवले होते, दोघांना दोन जोड. अण्णांनी स्वतःचा जोडही माझ्या हातात दिला.

"एक भिजला तर दुसरा हाय. तू जा की, सुधीर. मी हितनंच ऐकतो."

मला वाटलं, बोलायची पद्धत.

टूर चांगली झाली. लॉजवर मोबाईलला रेंज नव्हती, ते चार दिवस कुणाचाच फोन कुठं लागला नाही. सवयीप्रमाणं मी खिशातल्या डायरीत पक्षी आणि वेळ लिहीत होतो. पहिल्या दिवशी एक कर्णा पक्षी पाव तास फांदीवर मुकाट बसून राहिला, सगळ्यांनी पोटभर फोटो काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी झुडपात नवरंग बोलला, दिसला मात्र नाही. मी मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना सांगितलं, नवरंगच तो.

तिसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्या लॉजच्या पडवीत मी आणि मंदार चहा घेत होतो. खाली ओढ्यावर शीळकरी कस्तूर गात होता, माणसानं शीळ घालावी तसा. मंदार म्हणाला, तुमचे ते अण्णा असते तर मजा आली असती, नाही का? मी काय बोललो ते शब्दाला शब्द लिहितो.

"आंधळ्याला हात धरून कोण फिरवणार? मीच कटवलं त्यांना."

आणि हसलो. मंदार हसला नाही.

चौथा दिवस तर सगळ्यात भारी गेला. धनेशांची जोडी डोक्यावरून गेली, त्यांच्या पंखांचा आवाज नुसता ऐकत राहावा असा. सकाळभर रान बोलत होतं.

परत आल्यावर वेलदोड्यांची पुडी घेऊन अण्णांकडं गेलो. ते अंगणात कडुनिंबाखाली खुर्चीवर होते, शेजारच्यांचे माग नेहमीसारखे खडखडत होते. गिरिजानं चहा दिला आणि एक शाळेची वही माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "मामंजींनी रोज लिहायला बसवलं बघा मला. हितंच खुर्ची टाकून. मागाच्या आवाजात मला तर काय बी ऐकू येत नव्हतं."

पान उघडलं. दिवस पहिला. वेळ आणि पक्षी, खाली वेळ आणि पक्षी...

घरी जाऊन डायरी शेजारी ठेवली. वहीत होते ते सगळे पक्षी डायरीतही, त्याच क्रमानं. वहीतली वेळ मात्र प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं पुढं. दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून गेलो आणि गिरिजाच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ बघून आलो. दहा मिनिटं पुढं आहे ते.

म्हणाल, कुणीतरी फोनवर सांगितलं असेल. मग ऐका. तो कर्णा, ज्याचे सगळ्यांनी फोटो काढले, तो वहीत नाही. कारण तो बोललाच नव्हता. जे जे मुकाट होतं ते एकही वहीत नाही. आणि दुसऱ्या दिवशीच्या नवरंगापुढं लिहिलं होतं — 'खोटा. मोबाईलवरचा.' मी तडक मंदारला फोन लावला. तो आधी हसला, मग कबूल झाला. पक्षी बाहेर यावा म्हणून त्यानंच जर्किनच्या खिशातून रेकॉर्डिंग वाजवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, टूर लीडरला शोभत नाही म्हणून. तोऱ्यात त्या नवरंगाला खरा ठरवणारा मी!

तिसऱ्या दिवसाच्या पानावर शेवटची नोंद चार वाजून दहा मिनिटांची, म्हणजे आमच्या चारची. 'शीळकरी कस्तूर.' त्याखाली पुढची वेळ मांडलेली, पुढं काही नाही. पलीकडच्या पानावर गिरिजाच्या अक्षरात 'दिवस चौथा' एवढंच. बाकी पान कोरं.

महिनाभर मी तिकडं फिरकलो नाही. कॉलेजात काम आहे, पाहुणे आलेत, असल्या थापा मारल्या. शेवटी गेलो, धुऊन घडी घातलेले त्यांचे मोजे घेऊन. अण्णा नेहमीसारखंच 'ये की, बस' म्हणाले. जे विचारायचं ते विचारायची छाती होईना. म्हणून एवढंच विचारलं की अण्णा, चौथ्या दिवसाचं का नाही लिहिलंत?

त्यांनी बशीतला चहा आधी संपवला. राग नव्हता हो चेहऱ्यावर, असता तर बरं झालं असतं.

"चौथ्या दिवशी मी हुतो कुठं तितं?" ते म्हणाले. "तिसऱ्या दिवशी चारलाच परत आलो की घरी."

मग मोजे चाचपून त्यांनी गिरिजाला हाक मारली आणि ते आत नेऊन ठेवायला सांगितले. मी थोडा वेळ बसलो आणि उठलो. कुणी थांबवलं नाही.

त्यांना सोलापुरात बसून ते रान कसं ऐकू आलं, मला आजही कळलेलं नाही. त्यांनाच विचार, असं बायको म्हणते. तिला काय सांगू? ते विचारायचं तर पडवीत मी काय बोललो ते आधी मला त्यांच्या तोंडावर म्हणावं लागेल, आणि तेवढं माझ्यानं होत नाही. ग्रुपवर अजून मला 'सर' म्हणतात. रविवारी माळावर एकटाच जातो. गवतात काहीतरी बोलतं, मी दुर्बीण काढतो, आणि ती कुठं लावायची तेच कळत नाही.