आधी आईला

इंगवले मॅडम चिडल्या की त्यांची शुद्ध मराठी पार गळून पडायची आणि खणखणीत कोल्हापुरी सुरू व्हायची. राजारामपुरीतल्या आमच्या दवाखान्यात त्या नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या डॉक्टर आणि मी तिथली सिस्टर. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बाळांच्या आयांना आत मज्जाव होता. बाळाची खबर बाहेर पुरुषमंडळींना सांगायची, ही रीत. मॅडम मात्र बाहेर येऊन घोळक्यावर नजर टाकायच्या नि विचारायच्या, "आई कुठाय? तिच्याबिगर मी बोलत न्हाय." लोक रागवायचे. रागावू देत!

आजऱ्याकडचं एक कुटुंब होतं. सातव्या महिन्यातच जन्मलेलं पोरगं, श्वास यंत्रावर. त्याची आई शोभा वरच्याच मजल्यावर होती, आणि घरचे तिला रोज सांगत होते, "बाळ झ्याक हाय." एका दुपारी बाळाची तब्येत ढासळली. आता आशा नाही, हे मलाही कळलं.

शोभाचे सासरे मॅडमपुढे हात जोडून उभे. "बाई, काय हाय ते आमास्नी सांगा. तिच्या कानावर घालू नगा. ओली बाळंतीण हाय, धसका घेईल, दूध आटंल."

"आटू दे की! पोरगं तिचं हाय. जिवंत हाय तवर भेटवणार. मेल्यावर दाखवून काय करू?"

मलाही ते लागलं. पण खोटं काय होतं त्यात?

मॅडम स्वतः वर गेल्या, शोभाजवळ बसून सगळं खरं सांगितलं आणि हाताला धरून तिला खाली आणलं. दारात दवाखान्याचे मालक आडवे. "मॅडम, जंतू जातील आत. नियम आहे."

"हात धुऊन आणलंय तिला. सरा बाजूला."

नळ्या सांभाळत मी बाळ शोभाच्या छातीवर ठेवलं. ती रडली नाही. त्याच्या मुठीत बोट देऊन बघत राहिली. मग दाराकडे वळून म्हणाली, "मामा, लांब का? नातू हाय तुमचा. या की." म्हातारा हात धुवायला गेला तो नळाशीच ओक्साबोक्शी रडला.

संध्याकाळी बाळ गेलं. मालक म्हणाले, "काय मिळवलंत? शेवटी गेलंच ना?"

"गेलं. पण आईच्या कुशीत गेलं. उद्यापासून सगळ्या आया आत येणार. जमत नसंल तर मला काढा."

त्यांनी खरंच काढलं. मॅडम गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची ड्युटी माझी होती. आया दाराबाहेर ताटकळत होत्या. "दार लावून घ्या, सिस्टर," मालक म्हणाले. मी त्यांच्यासमोरच दार सताड उघडलं आणि ओरडले, "या गं बायांनो, हात धुवा नि या आत!"