हंगामातलं गॅदरिंग

ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला आणि त्याच आठवड्यात मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. लेक तिसरीत गेली की पुन्हा नोकरी करायची, हे ठरलेलंच होतं. बाकीचं मात्र काही ठरवल्यासारखं झालं नाही. नवरा पुण्याला, शनिवारी येणार. शिरोळला आबा, म्हणजे माझे वडील, अंगणात घसरून पडले. प्लास्टर निघाल्यावर मी त्यांना कसबा बावड्याला आमच्याकडे घेऊन आले. आणि माझी पहिली कादंबरी शेवटच्या प्रकरणापाशी अडून बसलेली. प्रकाशकांचा फोन आला की मी तो वाजू द्यायची.

कारखान्यात उसाच्या रसाचा एक नमुना तपासून होतो तोवर दुसरा हजर. मधल्या वेळात मनात वाक्यं जुळवायची आणि घरी भाजी चिरायला बसेपर्यंत ती निसटून जायची. लेकीचा अभ्यास, आबांची औषधं, उद्याचा डबा. लिहायचं टेबल इस्त्रीच्या कपड्यांनी भरून गेलं होतं.

एका दुपारी काम आटोपून मोबाईल पाहिला, तर आबांचे एकामागून एक फोन येऊन गेलेले. ते कामाच्या वेळी कधी फोन करत नाहीत. मी उलट लावला, तर उचलेनात. आबा परत पडले, एवढंच डोक्यात आलं. साहेबांना सांगितलं.

"जावा की पटकन. इथलं मी बघतो," ते म्हणाले.

उसाच्या ट्रॉल्यांमधून वाट काढत स्कूटरवर घरी पोचले. दाराला कुलूप! शेजारच्या काकू बाहेर आल्या.

"अगं, रिक्षानं गेली की दोघं."

"दवाखान्यात?"

"दवाखाना कशाला? शाळेत! आज गॅदरिंग न्हाय का?"

गॅदरिंग शनिवारी होतं. ते अलीकडे घेतल्याचा निरोप शाळेच्या ग्रुपवर आला होता, तो मी उघडलाच नव्हता. दुपारी लेक घरी येऊन रडायला लागली की नऊवारी कोण नेसवणार. आबांनी मला फोन करून पाहिले आणि शेवटी काकूंना हाक मारली. काकूंनी साडी नेसवली, आबा रिक्षा थांबवून तिला घेऊन गेले.

शाळेच्या मांडवात ते शेवटच्या रांगेत काठी मांडीवर घेऊन बसले होते. मी शेजारच्या खुर्चीत अक्षरशः कोसळले.

"आबा, फोन का उचलला नाही?"

"एवढ्या दणक्यात कुठं ऐकू येतंय? गप बस. पुढचा नाच आपलाच हाय."

"आणि पाय?"

"पायाला काय धाड भरलीया!"

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. लेक लेझीम घेऊन स्टेजवर आली. मध्येच तिचा पदर सुटला. तिनं तो सरळ कमरेला खोचला आणि पुढचा ठेका बरोबर धरला. तिचं सगळं नीट चाललं होतं.

नाच संपल्यावर आबा माझ्याकडे वळले. "त्या पुस्तकवाल्याचा फोन आला की तुझं तोंड उतरतंय. आज तूच लाव की."

मी मांडवाबाहेर येऊन फोन लावला. एका दमात सांगून टाकलं, "सर, शेवटचं प्रकरण हंगाम संपेपर्यंत होणार नाही."

"बरं झालं बाई!" पलीकडून ते म्हणाले. "अहो, आमच्या मुद्रितं तपासणाऱ्या ताई बाळंतपणाला गेल्यात. उन्हाळ्याआधी तुमच्या पुस्तकाला हातच लागत नाही. तेच सांगायला फोन करत होतो, तर तुम्ही उचलेनात."

मी तिथंच, शाळेच्या पायरीवर बसून राहिले. खूप दिवसांनी छातीभर श्वास घेतल्यासारखं वाटत होतं. आतून टाळ्या ऐकू येत होत्या.

कारखाना बंद झाल्यावर, आंब्यांच्या दिवसांत, ते प्रकरण भराभर लिहून झालं. त्यासाठी मी वेगळं काहीच केलं नव्हतं. नुसती झोप पुरी झाली होती.