बिल्ला न लावता

मी संशयी बाई आहे. हे मी लपवत नाही, लपवून उपयोगही नाही. घाटकोपर मेट्रोचा जिना चढता चढता परत फिरून गॅसचं बटण बघून आलेय, आणि एकदा नाही, चांगलं दहादा. नवरा म्हणतो, "तुला संशय घ्यायचा पगार मिळतो, मग घरी फुकट कशाला घेतेस?" पगार खरंच मिळतो. अंधेरी पूर्वेला विमानांची देखभाल शिकवणारी एक खासगी संस्था आहे, तिथे मी तपासनीस आहे. दुसऱ्याने केलेल्या कामावर विश्वास ठेवायचा नाही, हेच माझं काम.

संस्थेच्या मागच्या शेडमध्ये एक जुनं लष्करी जेट आहे. हवाई दलातून निवृत्त झालेलं, दोन सीटचं. ते आता उडत नाही, पण त्याचं इंजिन अजून चालतं, आणि ते चालतं म्हणून आमच्याकडे मुलं शिकायला येतात. वर्षातून एकदा, पावसाळा सरला की, त्याची पूर्ण तपासणी होते. दोन आठवडे पॅनलं उघडायची, पाइप, नट, वायरी बघायच्या, गंज खरवडायचा. शेवटच्या दिवशी दुपारी चारला इंजिन चालू करायचं. त्याआधी शेजारच्या सोसायटीला पत्र द्यावं लागतं. एका वर्षी द्यायचं राहिलं, तर पोलिसांची गाडी दारात उभी!

आमच्या शेडमध्ये दोन रिवाज आहेत. पहिला म्हणजे, ज्याने काम केलं त्यानेच इंजिन चालू करायला कॉकपिटमध्ये बसायचं. म्हणजे हात राखून काम करायची कुणाची हिंमत होत नाही. दुसरा अवजारांचा. भिंतीवर एक मोठा फळा आहे, त्यावर प्रत्येक अवजाराचा आकार रंगवलेला आहे. पाना घेतलास, तर त्याच्या खिळ्यावर तुझ्या नंबरचा पितळी बिल्ला लाव. काम संपल्यावर पाना परत, बिल्ला परत. एक जरी जागा रिकामी दिसली तरी इंजिन चालू होणार नाही, मग भले देव खाली येवो.

हे दोन्ही रिवाज आणले मामांनी. मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक. मालवणकडचे, राहायला मुलुंडला. हवाई दलात असताना त्यांनी याच जातीच्या विमानावर काम केलेलं. साठी उलटली तेव्हापासून संस्था त्यांना एकेक वर्ष वाढवून देत होती, आणि ते वर्ष मिळायचं या तपासणीचा माझा अहवाल बघून. मामा मला दर वर्षी तेच म्हणायचे, "काय गो, अजून एक वर्ष देतंस मा? घरी बसून मी काय करू? टीव्हीचे नट आवळू?" मी हसायचे. पण त्यांना ते वर्ष किती हवं असायचं, ते मला ठाऊक होतं.

गेल्या वर्षी मला वाटायला लागलं की इथे कुठेतरी पाणी मुरतंय. मामा कामाचा कागद हातात घेऊन म्हणायचे, "वाच गो जरा, माझा चष्मा घरी रवलो." चष्मा रोज कसा घरी राहतो? चहाचा कप उचलताना त्यांचा हात आधी टेबलावरून सरकत जायचा. नटांना बांधलेली बारीक तार, म्हणजे नट थरथरून सैल होऊ नये म्हणून पिळून बांधतात ती, मामा डोळ्यांनी बघायचेच नाहीत. अंगठ्याने चाचपायचे. मी म्हटलं, ह्या माणसाला दिसत नाहीये. आणि हाच माणूस त्या कॉकपिटमध्ये बसणार.

आता सरळ विचारायला काय झालं होतं? पण नाही. संशयी माणूस विचारत नाही, तो पाळत ठेवतो.

शेवटच्या दिवशी सगळे जेवायला गेले. मी डबा तसाच ठेवून शेडमध्ये आले. फळ्यावरून आरसा काढला. लांब दांडीचा, छोटा, गोल, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला. नटांची मागची बाजू त्यानेच दिसते. बिल्ला लावला नाही. बिल्ला लावला असता तर माझा नंबर फळ्यावर दिसला असता, आणि मी त्यांच्या पाठीमागून तपासतेय हे मामांना कळलं असतं. त्यांनी सकाळीच बंद करून सही केलेलं इंजिनाच्या बाजूचं पॅनल मी उघडलं. आत आरसा घालून एकेक तार बघितली. काय सांगू, एकही चूक नाही! प्रत्येक पीळ सारखा, टोक आत दुमडलेलं. मला बरं वाटायला हवं होतं. खोटं कशाला बोलू, मी खट्टू झाले.

तेवढ्यात बाहेर मामांचा खोकला ऐकू आला. माझी धांदल उडाली. पटापट पॅनल लावलं, सहा स्क्रू आवळले आणि तोंडावर काही न दाखवता बाहेर जाऊन डबा उघडून बसले.

साडेतीनला अवजारांची मोजणी झाली. फळ्यावर आरशाची जागा रिकामी, आणि बिल्ला नाही!

मी आरसा परत लावला होता. शंभर टक्के लावला होता. हजार वेळा लावलाय, खिळ्यावर तो कसा टक्कन बसतो तेसुद्धा मला आठवत होतं. मग मी डबा खात असताना कुणी घेतला? मामाच तर शेडमध्ये होते. घेतला असणार, कुठेतरी ठेवला असणार, आणि आता दिसत नसणार. माझ्या डोक्यात सगळं असं चोख बसलं. सगळ्यांनी शोधाशोध सुरू केली. पंखाखाली, चाकांजवळ, हवा आत शिरते त्या तोंडातही. प्राचार्य घड्याळ बघत येरझाऱ्या घालायला लागले. आणि मी, सगळ्यांच्या देखत, बोलून गेले, "सर, मामांना विचारा. त्यांना नीट दिसत नाही. मी महिनाभर बघतेय."

प्राचार्यांनी मामांकडे वळून विचारलं, "खरं का हो?"

मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझा आवाज जिथून आला तिकडे. "उजव्यानं दिसणा नाय. मोतीबिंदू. दिवाळीनंतर ऑपरेशन आसा," ते म्हणाले. "पण आरसो मी घेतलेलो नाय. घेतलो असतो तर बिल्लो लावलो असतो."

"मग कुठे गेला?" मीच विचारलं. मीच!

मामा विमानाजवळ गेले आणि बंद पॅनलांवरून हात फिरवायला लागले. शेपटीकडून सुरुवात केली. त्यांची एक सवय होती, ती मला माहीत होती पण त्या वेळी सुचली नाही: स्क्रू आवळून झाला की त्याची खाच ते आडवी आणून ठेवायचे. सगळ्या खाचा एका ओळीत. आम्ही त्यांना चिडवायचोसुद्धा, मामा रांगोळी काढतात म्हणून. त्यांचं बोट एकेका खाचेवरून सरकत होतं. इंजिनाच्या बाजूला आलं आणि थांबलं. मागे गेलं, परत आलं.

"ह्या पॅनल माझ्या मागे कोणीतरी उघडल्यान," मामा म्हणाले. "तीन स्क्रू तिरके आसत."

त्यांनी स्क्रू काढले, खांद्यापर्यंत हात आत घातला, आणि आरसा बाहेर काढला. इंजिन कमी-जास्त करणाऱ्या दांड्याच्या अगदी शेजारी तो पडला होता. इंजिन थरथरलं असतं, आरसा घसरून त्या दांड्यात अडकला असता, तर कॉकपिटमधल्या माणसाला इंजिन आवरता आलं नसतं. आणि कॉकपिटमध्ये मामा असते.

मी म्हटलं, "मी उघडलं." दुसरं काय म्हणणार होते? पण माझा आवाज इतका बारीक निघाला की प्राचार्यांनी "काय?" म्हणून विचारलं, आणि मला ते परत, मोठ्याने सांगावं लागलं. वहीत लिहावं लागलं. 'अवजार कोणाकडे होतं' या रकान्यात माझा नंबर. 'बिल्ला का नव्हता' या रकान्यात काय लिहू ते कळेना. शेवटी खरं तेच लिहिलं.

त्या दिवशी इंजिन दुसऱ्या एका शिक्षकाने चालू केलं. मामा सोसायटीच्या भिंतीपाशी उभं राहून मान तिरकी करून ऐकत होते. बंद झालं तेव्हा एवढंच म्हणाले, "बरा चालता." त्यांचं ऐकूनच मी अहवालावर सही केली. खरं म्हणजे कॉकपिटमध्ये त्या दिवशी मी बसायला हवं होतं.

मला एक ताकीदपत्र मिळालं आणि महिनाभर सहीचा अधिकार काढून घेतला. महिन्याने परत दिला. मामांना वर्ष मिळालं नाही. मी प्राचार्यांकडे गेले, भांडले, म्हटलं, त्यांच्या कामात एक चूक दाखवा. ते म्हणाले, "चूक नाहीच. पण डोळ्याचं तर खरं होतं ना? सगळ्यांसमोर आलं. आता कागदावर मी काय लिहू?" माझा संशय खरा निघाला होता. दिवाळीनंतर ऑपरेशन झालं असतं आणि कुणाला कळलंही नसतं. दोन डोळे शाबूत असलेली बाई विमानात आरसा विसरली, ती अजून नोकरीवर आहे.

डिसेंबरात मी मुलुंडला त्यांच्या घरी गेले. जावं की नाही यातच तीन आठवडे घालवले होते. दार त्यांनीच उघडलं. डोळा स्वच्छ झालेला. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "अगो बाय माझ्या, केस किती पिकले गो तुझे! माका दिसत नव्हता तेच बरा होता."

मी हसले आणि लगेच रडले. माफी मागितली, जमेल तशी, अडखळत. ते चहा ओतत होते, कपाच्या काठापर्यंत, एक थेंब न सांडता. माझं बोलणं संपेपर्यंत थांबले.

"बिल्लो लावून इली असतंस," ते म्हणाले, "तर पॅनल मीच उघडून दिलं असतंय."