मिठाचे दगड

बायको गेल्यावर तिची घडीची खुर्ची मी कपाटामागे सरकवून ठेवली होती. चिंताकी गावाच्या पुढे माळावर मेंढपाळांची एक वस्ती आहे. तिथली एक म्हातारी एके दिवशी दारात आली आणि म्हणाली, "गुर्जी, अक्का गेल्या, पर खुर्ची हाय न्हवं? ती घेऊन चला."

ती खुर्ची बायकोच्या खेळातल्या साहेबाची होती. वस्तीच्या वरच्या रानात वनखात्याने चर खणले होते आणि मेंढरांची वाट बंद झाली होती. चराईचा सामूहिक हक्क मिळाला नाही, तर कळप विकण्यावाचून इलाज नव्हता. त्या दाव्याच्या पाहणीला येणाऱ्या साहेबापुढे माणसांना बोलतं करायचं, हे बायकोचं काम. ती एकाला खुर्चीत बसवून साहेब करायची, दुसऱ्याने समोर उभं राहून उत्तरं द्यायची. जो 'चुकलं, सायेब' म्हणेल, त्याने पुढच्या खेपेला साहेब व्हायचं. एकदा स्वतः ओरडून पाहिलं की ओरडण्याची भीती जाते, असं तिचं म्हणणं.

मी जन्मभर पुस्तकांतला माणूस. कायदा मला पाठ होता, पण तिच्यासारखं हसवत शिकवणं जमणारं नव्हतं. तरी खुर्ची घेऊन गेलो. समाजमंदिरात ती उघडताना बिजागरी करकरली.

मग एक मिशाळ अप्पा तीत बसून गरजले, "कोण गं तू? सरकारी रानात कामून आलीस?"

"चुकलं, सायेब. पुन्हा येत न्हाई," म्हातारी म्हणाली.

"अगं, आपलंच रान न्हवं ते!"

"व्हय. पर तुमच्या मिशा बघून भ्या वाटलं."

तिला खुर्चीत बसवलं, तर समोरच्या आरोपीलाच ती "बस बाबा, पाणी पी" म्हणू लागली. हसून हसून पुरेवाट झाली. बायको गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसलो ते तिथे.

जुन्या चराईचा पुरावा म्हणून आमची सारी भिस्त मिठाच्या दगडांवर होती. रानातल्या सपाट काळ्या दगडांवर हे लोक मीठ पसरतात आणि मेंढरं ते चाटतात. आज्या-पणज्यांपासूनच्या कळपांनी चाटून चाटून त्या दगडांत वाटीसारखे गुळगुळीत खळगे पडले आहेत.

पाहणीच्या सकाळी वर गेलो आणि जागीच थांबलो. सगळे दगड पांढरेशुभ्र! पाहुणे यायचे म्हणून बायकांनी चुना मारला होता. कडेने गेरूची रेघसुद्धा ओढली होती.

पाहणीला आलेले साहेब दगडांभोवती फिरले. "हे तर नवे दिसतात. कधी आणून टाकले?"

माना खाली गेल्या. म्हातारीचे ओठ हलले. आता 'चुकलं' येणार, या भीतीने मी छत्रीची मूठ आवळली.

"चुना नवा हाय, सायेब," ती म्हणाली. "दगड न्हाई. तुमच्या घरी पावणे आल्यावर तुमी भिंत रंगवत न्हाई का?" तिने तांब्यातलं पाणी दगडावर ओतलं आणि पदराने खसाखसा पुसलं. "घाला हात."

साहेबांनी खळग्यात हात घातला. मनगट आत गेलं.

"पहारीनं असा गुळगुळीत खड्डा पडतो का? मेंढराच्या जिभेनं पडलाय. कवापासून चाटायलेत, ते आता तुमीच सांगा."

साहेब हसले, आणि तिथेच उभं राहून त्यांनी पंचनामा लिहायला सांगितला.

काही महिन्यांनी हक्कपत्र आलं. त्या दिवशी वस्तीने चर बुजवून वाट मोकळी केली आणि हलगीच्या तालावर कळप वर चढले. मिशाळ अप्पा सगळ्यांपुढे नाचत होते. दगडांवर मूठभर मीठ पसरण्याचा मान मला दिला.

खुर्ची मी घरी आणली नाही. कोहिनूर गावाच्या बाजूच्या एका तांड्यातून माणसं शिकायला आली, तेव्हा म्हातारी तीत ऐसपैस बसली होती. या खेपेला तिने कुणालाही पाणी विचारलं नाही.

"कोण रे तुमी?" ती गरजली. "सरकारी रानात कामून आलाव?"