फक्त आपल्यातले

माझं नाव पडद्यावरून गेलं आणि खोलीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नाव मीच टाईप केलं होतं. सरांनी सांगितलं म्हणून. "घाल तुझंच नाव. खरी चाचणी होईल." मी नाव घातलं, वय घातलं, शिक्षण घातलं, गाव नागपूर घातलं. जातीच्या जागी यादी उघडली. माझी त्यात नव्हतीच. सगळ्यात खाली 'इतर' होतं, ते निवडलं. मग सरांनी माझ्या हातातून माऊस घेतला आणि 'शोधा' दाबलं. मुलींची नावं आली. कुलकर्णी, देशपांडे, जोशी. सगळ्या खोट्या, चाचणीसाठी मीच बनवलेल्या. खरी मुलगी मी एकटी, आणि मीच नव्हते. 'फक्त आपल्यातले' या शब्दांपुढच्या चौकोनात बरोबरची खूण होती ना, म्हणून.

"चालतंय," सर म्हणाले. मग टाळ्या. लग्नाची मला तेव्हा काडीची पडली नव्हती. तरी तोंडात माती गेल्यासारखं झालं.

बंगळूरच्या शिवाजीनगरात बस स्टँडच्या मागं, एका टायरच्या दुकानावर आमचं ऑफिस. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. तिथं जो तो वेबसाईट काढून राहिला होता. कंपनीचे मालक म्हणजे सर, पुण्याचे. मी नागपूरची, बौद्ध. आणि गिऱ्हाईक होतं इथल्या मराठी लोकांचं वधूवर मंडळ. त्याचे अध्यक्ष राव अण्णा. पिढ्यान् पिढ्या इकडंच राहिलेल्या घरातले. गोड माणूस हो. कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत मान डोलवायचे. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला अक्का म्हणायचे. म्हणून जास्त लागलं. शिवी देणाऱ्याला उलट शिवी देता येते. अक्का म्हणणाऱ्याला काय द्यावं?

माझं काम सोपं करणं. त्यात मी हुशार होते, खोटं कशाला बोलू. तेव्हा फोनच्या तारेवरून पान रांगत रांगत यायचं. त्यात लोक चित्रं कोंबायचे, नाचणारी अक्षरं टाकायचे. मी सगळं काढून फेकायची. माझी आई बोट ठेवून वाचते. पान बनवताना मी तिला डोळ्यांपुढं धरायची. तिला कळलं की सगळ्यांना कळलं. यादी लांब झाली की माणूस कंटाळतो आणि निघून जातो, हे मीच सरांना सांगितलं होतं. तेच माझ्या गळ्याशी आलं.

यादी सांगायला राव अण्णा माझ्या शेजारी बसले होते. देशस्थ. कोकणस्थ. कऱ्हाडे. सीकेपी. मराठा. मग थांबले.

"बौद्ध?" मी विचारलं.

राव अण्णा चष्मा पुसायला लागले. सर हसले. म्हणाले, "अगं, यादी लांब नको, हे तुझंच ना? बाकी सगळे इतर."

"स्वल्प सोपं राहू दे की अक्का," राव अण्णा म्हणाले. "तुमच्यात वेगळं मंडळ असतंय की."

मग त्या चौकोनाचं निघालं. राव अण्णा म्हणाले, लोक फोन करून विचारतात, त्यात आपल्यातलेच असतील ना. सर म्हणाले, एक खूण ठेवू, दाबली की 'इतर'मधले दिसणार नाहीत. लोकांच्या कंप्युटरात मराठी अक्षरं नसायची. मराठी शब्द हवा तर त्याचं चित्र करून चिकटवावं लागायचं. म्हणजे ते दोन शब्द मी माझ्या हातानं काढले. छान गोल आले. जात हा शब्दच नाही त्यात. आपल्यातले. किती मऊ. बंगळूरला नवीन आले तेव्हा खोली बघायला गेले होते, मराठी घरमालकीण, चहा ठेवता ठेवता तिनं हेच विचारलं होतं, "आपल्यातलीच ना गं तू?" मी नाही म्हणलं. चहा झाला. खोली नाही झाली.

टाळ्या संपल्यावर सर म्हणाले, "खूण आधीच लावून ठेव. लोकांना एक क्लिक कमी."

मी खाली उतरले आणि एसटीडी बूथवरून बाबांना फोन लावला. बाबा रेल्वेत गँगमन. कंप्युटर त्यांनी पाहिलेला नाही. तरी सगळं सांगितलं, चौकोन, खूण, टाळ्या.

"आमच्या वेळी हाकलायला दारात माणूस उभा राहायचा," ते म्हणाले. "आता तुझ्याच हातून दार लावून घेऊन राहिले का?"

"नोकरी जाईल, बाबा."

"जाईल," बाबा म्हणाले. "मग?"

मी फोन ठेवून दिला. आमच्या वस्तीतली कंप्युटरवर बसणारी मी पहिली पोट्टी. अख्खी वस्ती माझं नाव घेऊन पोरींना अभ्यासाला बसवत होती. परत गेले तर काय सांगू? एका खुणेपायी आले? भीती वाटली. खूप वाटली.

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "खूण लावली?"

"नाही. लावणार पण नाही. आणि यादीत आमचं नाव येईल."

"मनाला का लावून घेतेस? टेक्निकल गोष्ट आहे. इथे कुणी जात मानतं का?"

"मानत नाही, तर पानावर कशाला?"

"लोकांना हवं असतं गं."

"मी लोकांतली नाही का?"

सरांनी पलीकडच्या टेबलावरच्याला हाक मारली. त्यानं चहा निवायच्या आत खूण लावून दिली. पानाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'सर्व मराठी माणसांसाठी'. तेही मीच काढलेलं.

मग सरांनी मला आत बोलावलं. आवाज अगदी मायेचा. "राजीनामा दे. वैयक्तिक कारण लिही. दुसरीकडे अडचण येणार नाही. तुझ्या भल्यासाठी सांगतोय."

मी कागद घेतला. लिहिलं, माझ्या लोकांना लपवणारी खूण लावायला मी नकार दिला, म्हणून जात आहे.

सरांनी वाचलं. "असं कुणी लिहितं का?"

"मी लिहिलं," मी म्हणलं.

नंतर जिथं गेले तिथं विचारलं, आधीची नोकरी का सोडली? मी सांगितलं. बंगळूरमध्येच हेब्बाळला एका ठिकाणी साहेबांनी ऐकून घेतलं आणि माझी फाईल बंद करून मला परत दिली. मैत्रिणी म्हणतात, येडी आहेस का बाप्पा, वैयक्तिक म्हण आणि मोकळी हो. नाही म्हणणार. त्यात वैयक्तिक काही नव्हतं. नोकरी मिळो न मिळो, विचारणाऱ्याला मी हेच कारण सांगणार आहे. आणि सांगताना आवाज खाली करणार नाही.